जुनं गाणं, नवी एन्ट्री: उशिरा सापडलेली गाणी स्वतःच्या चार्टमध्ये घ्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेली तीन वर्षं तुम्ही दर रविवारी स्वतःचा टॉप ट्वेंटी लिहिता. गेल्या बारा महिन्यांत आलेलीच गाणी घ्यायची, असा नियम पहिल्या दिवशीच घातला होता. आता महिन्याभरापूर्वी मदन मोहन यांची साठेक वर्षांपूर्वीची तीन गाणी पहिल्यांदा कानावर पडली आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. चार्टवर मात्र त्यांचा पत्ता नाही. घ्यावीत तर नियम मोडतो, सोडावीत तर चार्ट खोटा वाटतो. त्यांच्यासाठी वेगळी यादी करावी का, असंही तुम्ही विचारलंय.

घ्या. त्याच यादीत, नव्या गाण्यांच्या शेजारी, ज्या आठवड्यात सापडली त्या आठवड्याची एन्ट्री म्हणून घ्या. वेगळी यादी करू नका. मी १९८६ पासून चार्ट लिहिते आहे आणि वेगळ्या यादीचा प्रयोग चार वर्षं करून पाहिला आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगते. पण ‘घ्या’ म्हटल्यावर काही अडचणी समोर येतात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी तो बारा महिन्यांचा नियम आला कुठून ते बघू. तो आपण बाजाराच्या चार्टवरून उचलतो. १४ नोव्हेंबर १९५२ला लंडनच्या न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने वीसेक दुकानांना फोन करून खपाचे आकडे विचारले आणि ब्रिटनची पहिली क्रमवार यादी छापली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२च्या बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला तिथे सात गाणी लागायची आणि त्यांना क्रम नसायचा. ‘पायदान’, म्हणजे क्रमांकाची पायरी, दोन वर्षांनी आलं. मग रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून क्रम ठरू लागला. मिरजेला आमच्या घरी बुधवारी रात्री आठला जेवणाची ताटं रेडिओसमोर यायची. खरखरीतून ‘अगली पायदान’ ऐकू आलं की माझी पेन्सिल सरसावायची. माझ्या वहीत आजही क्रमांकाच्या रकान्यावर ‘पायदान’च लिहिलेलं असतं.

या याद्यांना ताजेपणाची अट लागायची, कारण त्या खप मोजायच्या. दुकानात काय विकलं जातंय आणि पुढच्या आठवड्यात काय मागवायचं, हा त्यांचा सवाल. ऐकणाऱ्याच्या आयुष्यात गाणं कधी आलं, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. विचारायची गरजही नव्हती.

आणि गंमत बघा, बाजारालाही ही अट झेपलेली नाही. जून २००९मध्ये मायकल जॅक्सन गेला. त्या आठवड्यात अमेरिकेत त्याचे जुने अल्बम पहिल्या क्रमांकाच्या नव्या अल्बमपेक्षा जास्त खपले. पण बिलबोर्ड या तिथल्या संगीत-नियतकालिकाच्या मुख्य अल्बम यादीत जुन्या अल्बमना प्रवेशच नव्हता. सबंध देश जे ऐकत होता ते देशाच्या यादीत नाही, अशी स्थिती झाली आणि वर्ष संपायच्या आत नियम बदलावा लागला. २०२२चं उदाहरण तुम्हाला आठवत असेल: केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’. गाणं १९८५चं, तेव्हा ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. एका वेब मालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी पहिल्या क्रमांकावर आलं. ब्रिटनच्या नियमात जुन्या गाण्याचे स्ट्रीम नव्याच्या निम्म्यानेच धरतात. चार्टवाल्यांनी या गाण्यासाठी ती अट बाजूला ठेवली, तेव्हा ते वर पोचलं. ज्यांचा धंदाच नव्या गाण्यांवर चालतो त्यांनी नियम वाकवला. तुमच्या-माझ्या वहीत दुकानच नाही, मग ही अट कुणासाठी पाळायची?

आता वेगळ्या यादीबद्दल. १९९०मध्ये मी वहीच्या मागच्या पानावर ‘जुनी गाणी’ असा मथळा घालून दहाची यादी सुरू केली. पुढच्या पानावर त्या वर्षाची गाणी, मागच्या पानावर जुनी. दिसायला व्यवस्था छान होती. पण मागच्या पानाचं हळूहळू देवघर झालं. रोज नमस्कार व्हायचा, पण तिथलं कुणी जागचं हलायचं नाही. तीच दहा नावं सहा-सहा महिने. चार्टला चार्टपण येतं ते दोन गाणी एका रांगेत उभी राहतात आणि आपल्याला त्यांतलं एक पुढे करावं लागतं म्हणून. १९५८चं गाणं आणि परवा आलेलं गाणं समोरासमोर ठेवून ‘या आठवड्यात कोण?’ असं स्वतःला विचारलं की आपल्या कानाबद्दल जे कळतं, ते दोन पानांवर दोन याद्या लिहून कळत नाही.

हे मला ज्या सकाळी पटलं ती सकाळ सांगते. ऑगस्ट १९९३मध्ये रफीच्या गाण्यांची एक कॅसेट घेतली. तिच्यात ‘आखरी दाव’मधलं ‘तुझे क्या सुनाऊं मैं दिलरुबा’ होतं. चित्रपट १९५८चा, संगीत तुमच्या मदन मोहन यांचंच. सहा महिने मी ते गाणं अक्षरशः झिजवलं. वहीत ते होतं मागच्या पानावर. पुढच्या पानावर त्या दिवसांत जे गाणं नंबर वन होतं, ते कित्येक आठवडे मी आपणहून एकदाही लावलेलं नव्हतं. रस्त्यात कुठेतरी ऐकू यायचं आणि दुसरं काही सुचत नाही म्हणून मी ते पहिलं लिहायची. चार्ट खोटा वाटतो म्हणता ना, तो हा असा.

मग फेब्रुवारी १९९४. सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागायची, आठच्या आधी सैगलच्या गाण्याने कार्यक्रम संपायचा. मी कणीक मळत होते. रेडिओवर तीच चाल सुरू झाली, तीच वळणं, पण शब्द निराळे आणि आवाज तलत महमूदचा: ‘ये हवा ये रात ये चांदनी’. मला वाटलं माझ्याच गाण्याची दुसरी आवृत्ती असेल. कणकेच्या हाताने आवाज मोठा केला. बटणाच्या खाचांत वाळलेली ती कणीक पुढे कितीतरी दिवस तशीच होती. गाणं संपल्यावर निवेदिकेने नाव सांगितलं: चित्रपट ‘संगदिल’, संगीत सज्जाद हुसेन. ‘संगदिल’ १९५२चा. म्हणजे मूळ चाल ही, आणि मी सहा महिने जिच्यावर जीव टाकला ती हिच्यावरून बेतलेली, सहा वर्षांनी आलेली. जगात सज्जाद आधी आणि मदन मोहन नंतर. माझ्या कानात नेमकं उलटं.

त्या रात्री मी मागचं पान बंद केलं. पुढच्या पानावर सहाव्या पायदानावर लिहिलं: ‘ये हवा ये रात ये चांदनी, तलत, १९५२, नवी एन्ट्री.’ आणि रफीचं गाणं मागून उचलून त्याच्यावर, चौथ्यावर ठेवलं. पुढचे सात आठवडे ही दोघं एकमेकांना ढकलत राहिली. तलतचं गाणं पाचव्या आठवड्यात पहिल्यावर गेलं. चालीतला नाजूक लगाव मुळात केवढा अवघड आहे, हे मला त्या सात आठवड्यांत समजलं. वेगळ्या याद्या असत्या तर ही झुंज कागदावर आलीच नसती, आणि दर रविवारी निवाडा करायचा म्हणून मी जितक्या बारकाईने ऐकत होते तितकं ऐकलंही नसतं.

मात्र जुनं गाणं म्हणजे आपोआप नवी एन्ट्री, असं नाही. मी तीन प्रकार धरते.

पहिला प्रकार तुमच्यासारखा. गाणं कधीच ऐकलेलं नव्हतं, आता ऐकलं. इथे विचार करायला काही नाही, सरळ एन्ट्री द्या.

दुसऱ्या प्रकाराबद्दल जास्त लिहावंसं वाटतं, कारण माझ्या मते चार्टमधला सगळ्यात मोलाचा माल इथेच असतो. गाणं वर्षानुवर्षं कानांवरून गेलेलं असतं, पण ऐकलेलं नसतं. माझे सासरे पुण्याचे. तरुणपणी त्यांनी गणेशोत्सवात चौकाचौकांत भावगीतगायक गजानन वाटव्यांचे कार्यक्रम रस्त्यावर बसून ऐकलेले. संध्याकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना ते ‘गगनि उगवला सायंतारा’ गुणगुणायचे. पहिली ओळ, तीही अर्धीच, आणि मग नुसती चाल. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते रोज ऐकत होते. १९९८मध्ये ते गेले. काही आठवड्यांनी एका नातेवाइकांकडे ते गाणं पुरतं लागलं आणि त्या अर्ध्या ओळीच्या पुढे काय आहे ते मला पहिल्यांदा कळलं. त्या रविवारी ते तिसऱ्या पायदानावर आलं. आता याला ऐकलेलं म्हणायचं की न ऐकलेलं?

त्यासाठी मी एक साधी कसोटी लावते. गाणं ‘सापडायच्या’ आधी त्याचा दुसरा अंतरा आपल्याला येत होता का? मुखडा सगळ्यांनाच येतो. मुखडा वरातीच्या बँडमधून, रिक्षातून, शेजारच्या खिडकीतून येतच असतो. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मात्र आपण स्वतः चालत जावं लागतं. येत नसेल तर गाणं नवं, एन्ट्री द्या. फक्त खूण वेगळी करा, म्हणजे ते अनोळखी नव्हतं हे पुढे लक्षात राहील. मी अशा गाण्यापुढे छोटं अर्धवर्तुळ काढते.

तिसरा प्रकार म्हणजे पूर्वी मनापासून ऐकलेलं, कधीकाळी चार्टवर असलेलं किंवा चार्ट सुरू व्हायच्या आधी पाठ झालेलं गाणं. ते परत आलं तर ती री-एन्ट्री आणि तिला कारण लागतं. नुसती आठवण आली म्हणून मी घेत नाही, नाहीतर लहानपणीची पन्नास गाणी कायमची मुक्काम ठोकतील. दुसऱ्या कुणी गायलेलं ऐकून मूळ गाणं वेगळं वाटायला लागलं, शब्द नव्याने उमगले, मैफलीत समोर ऐकलं, अशी कारणं चालतात. ऋतूचंही चालतं. आषाढात माझ्या चार्टवर दोन-तीन अभंग दरवर्षी परत येतात आणि मी त्यांना अडवत नाही. ब्रेन्डा लीचं नाताळचं गाणं १९५८चं, ते अमेरिकेच्या यादीत डिसेंबर २०२३मध्ये पहिल्यांदा पहिलं आलं. दरवर्षी त्याच दिवसांत परत येत राहिलं म्हणूनच ना?

आता तुमची खरी भीती: एकदा दार उघडलं की जुनी गाणी लोंढ्याने येतील आणि नव्यांना जागाच उरणार नाही. ही भीती खोटी नाही. २००२च्या सुमारास एका मैत्रिणीने एमपीथ्रीच्या चार सीड्या दिल्या, एकेकीवर शंभराहून जास्त गाणी. पुढचे तीन महिने माझ्या वीसपैकी सोळा-सतरा गाणी त्याच सीड्यांवरची होती आणि त्या वर्षी बाहेर नवं काय आलं याचा वहीत मागमूस नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे उपायही नीट करता येईल. जुनी गाणी आपल्यापर्यंत येतात ती चाळणीतून. १९५८मध्ये जी शेकडो गाणी आली त्यांतली बहुतेक विसरली गेली, तुमच्यापर्यंत पोचली ती दोन-तीन पिढ्यांनी निवडून ठेवलेली. या आठवड्याची नवी गाणी मात्र न चाळलेल्या गव्हासारखी, खडे-कोंड्यासकट समोर येतात. त्यामुळे समोरासमोर उभं केलं की जुनं जिंकतं. त्यावरून ‘आता पूर्वीसारखी गाणी होत नाहीत’ असा निष्कर्ष काढाल तर तो चाळणीचा परिणाम असेल, काळाचा नव्हे. नव्या गाण्याची चाळणी आपल्यालाच करायची असते आणि त्याला वेळ लागतो.

यावर काही जण कोटा ठेवतात: वीसात पाचच जुनी, वगैरे. मी एक वर्ष ठेवून पाहिला आणि सोडला. सहावं जुनं गाणं मनात पहिलं असताना त्याला बाहेर बसवायचं म्हणजे तोच खोटेपणा मागच्या दाराने आत आणायचा. त्यापेक्षा आत येण्याचा वेग बांधा. माझा नियम असा: एका ठिकाणाहून, मग तो संगीतकार असो, अल्बम असो, की मैत्रिणीने दिलेली सीडी असो, एका आठवड्यात फार तर दोन नव्या एन्ट्री. बाकीची वहीच्या समासात रांगेत थांबतात. थांबल्याने चांगल्या गाण्याचं काही बिघडत नाही. दोन आठवड्यांनी नाव वाचलं आणि चाल आठवलीच नाही, तर ते गाणं रांगेतून आपोआप गळतं, आणि पहिल्या भरात आपण त्याला उगाच आत घेणार होतो हे समजतं. तुमची तीन गाणी आहेत ना? या रविवारी दोन घ्या, तिसरं समासात.

दुसरा नियम बाहेर जाण्याचा. गीतमालेत बरेच आठवडे टिकलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून मानाने निरोप द्यायचे. मी कुठल्याही गाण्याला, जुनं असो की नवं, अठरा आठवडे देते. मग तारीख घालून त्याला चौकट काढते आणि जागा मोकळी करते. उशिरा सापडलेल्या जुन्या गाण्यांना याची विशेष गरज असते. ती वर चढतात झटपट, पण खाली यायचं नाव घेत नाहीत.

आणि नव्या गाण्यांसाठी आठवड्यातून एक वेळ राखून ठेवा. मी गुरुवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास फक्त त्या महिन्यात आलेली मराठी-हिंदी गाणी ऐकते, प्रत्येक गाणं निदान दोनदा. त्यांतून काहीच आवडलं नाही तरी बेहत्तर, पण ऐकलंच नाही असं होत नाही.

क्रम ठरवताना अॅपचे आकडे वापरत असाल तर एक सावधगिरी. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरतात. ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या लास्ट डॉट एफएम या साइटचा नियम असा, की गाणं तीस सेकंदांहून मोठं हवं आणि निम्मं किंवा चार मिनिटं, यांतलं जे आधी होईल तितकं वाजलेलं हवं. दोन्ही ठीक आहेत, पण त्यांच्या कक्षेत वाजलेलंच ते मोजतात. जुनं गाणं आपण कुठे ऐकतो? कुणीतरी रेकॉर्डवरून यूट्यूबवर चढवलेलं, विविध भारतीवर, काकांच्या कॅसेटवर, जुनी गाणी भरून येणाऱ्या ‘कारवाँ’ या रेडिओसारख्या संचावर. त्याची नोंद सहसा होत नाही. अॅपच्या आकड्यावर चार्ट लावलात तर जुन्या गाण्यावर हमखास अन्याय होईल. बाहेर ऐकलेलं हाताने मांडा, कॅलेंडरवर रेघा मारल्या तरी चालेल. उलट बाजूही बघा: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणून त्या काळची बहुतेक गाणी तेवढीच. सात मिनिटांच्या कव्वालीच्या वेळात असं गाणं दोनदा वाजतं. नुसती वेळांची मोजणी केली तर छोटं गाणं फुकट पुढे जातं. मी आकडे बघते, पण क्रम शेवटी रविवारी सकाळी, काही न वाजवता, शांत बसून लावते. तेव्हा जे आपणहून डोक्यात सुरू असतं ते पहिलं.

रीलवरून सापडलेल्या गाण्यांचंही सांगते, कारण हल्ली निम्मा शोध तिथूनच लागतो. नोव्हेंबर २०२२मध्ये पाकिस्तानातल्या एका लग्नातल्या नाचाची चित्रफीत फिरली आणि ‘मेरा दिल ये पुकारे आजा’ पोराटोरांच्या तोंडी झालं. गाणं १९५४च्या ‘नागिन’मधलं, लताचं, संगीत हेमंतकुमार यांचं. माझ्या भाचीला ते तेव्हा ‘सापडलं’ आणि ते चार्टवर घ्यावं का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, आधी ‘नागिन’मधलं मूळ गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता तीनदा ऐक. चौथ्यांदा ऐकावंसं वाटलं तर तुझं. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा आवडणं आणि गाणं आवडणं यांत अंतर आहे. तिला वाटलं. तिने घेतलं. पुढे ‘नागिन’मधलीच आणखी दोन तिच्या रांगेत आली. सापडण्याचा रस्ता कुठलाही असो, त्याला कमी लेखू नका. फक्त गाणं सबंध ऐकलेलं हवं आणि कोणतं ध्वनिमुद्रण ते लिहिलेलं हवं. मूळ, रीमिक्स आणि दुसऱ्याने गायलेलं ही तीन वेगळी गाणी धरा.

तारखेच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. प्रत्येक जुन्या एन्ट्रीला दोन वर्षं लिहा: गाण्याचं आणि तुमचं. गाण्याचं वर्ष अॅपवरून उतरवू नका. तिथे पुष्कळदा संकलनाचं किंवा डिजिटल प्रत चढवल्याचं वर्ष असतं, त्यामुळे १९५०च्या दशकातलं गाणं दोन हजारनंतरचं दिसतं. हिंदी चित्रपटगीतांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ आहे, दशकवार खंडांत. मोठ्या ग्रंथालयात मिळाला तर एक दुपार त्याच्यासोबत घालवा. मराठी भावगीतांच्या तबकड्यांवर वर्ष क्वचितच छापलेलं असतं. तिथे दशक लिहिलं तरी पुरे.

तुमच्या बाजूची नोंद याहून महत्त्वाची. कुठे, कुणामुळे, काय करताना. माझ्या वहीतली एक ओळ जशीच्या तशी देते: ‘पायदान ९, नवी, तलत, १९५०चं दशक, जुन्या बाजारात कॅसेटवाल्याने लावलं होतं, रविवार, पाऊस, टोपली विसरून आले.’ पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. ती टोपली परत आणायला मी बुधवारी गेले आणि त्याच माणसाकडून ती कॅसेट घेऊन आले. वीस वर्षांनी ही ओळ वाचली की गाण्याआधी पावसाचा वास येतो.

राहिली वर्षअखेरची यादी. जुनं गाणं ज्या वर्षी सापडलं त्या वर्षाच्या यादीत धरा, नव्यांच्या सोबत, कंसात मूळ वर्ष. १९९४ची माझी वार्षिक यादी उघडली तर पहिलं गाणं १९५२चं आहे आणि मला ते मुळीच विचित्र वाटत नाही. त्या वर्षी कुठली गाणी गाजली ते पेपरात सापडेल. माझ्या स्वयंपाकघरात काय वाजत होतं ते दुसरीकडे कुठेच नोंदवलेलं नाही.

आणि कृपा करून मागच्या पानांना हात लावू नका. हा मोह तुम्हाला होईल, मलाही झाला. २००४मध्ये मला १९८८चं एक गाणं सापडलं. इतकं आवडलं की वाटलं, तेव्हा ऐकलं असतं तर त्या वर्षी हेच पहिलं आलं असतं. मी १९८८ची वही काढली, मार्चमधल्या एका पानावर पेन्सिलने वरच्या ओळीत ते नाव घुसवलं आणि बाकीच्यांना बाणाने एकेक पायरी खाली केलं. मग ते पान वाचत बसले. सतरा वर्षांची मी, बारावीची परीक्षा, आणि त्या आठवड्यात पहिलं असलेलं एक गाणं, जे आज मला फारसं आवडत नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या घरी आम्ही तेच लावून हसलो होतो. ते खाली सरकवून तिथे दुसरं ठेवलं तर ती रात्र पानावरून गेली. मी ते नाव खोडलं. दाबून लिहिलं होतं, त्यामुळे उजेडात तिरपं धरलं की ठसा अजून दिसतो. ते गाणं २००४च्या यादीत दुसरं आहे. त्याची जागा तीच.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की गेल्या तीन वर्षांचे चार्ट आहेत तसे राहू द्या. नियम या रविवारपासून बदला आणि बदलल्याची तारीख त्याच पानावर लिहा. ‘आजपासून जुनी गाणीही’ एवढं पुरेल. मदन मोहन यांच्या तिघांपैकी कुठली दोन आत जातात हे ठरवताना त्रास होणार आहे, तो होऊ द्या, शनिवारी रात्री तिन्ही एकदा सबंध ऐका. आणि यथावकाश ‘आखरी दाव’मधलं ते गाणं ऐकाल तेव्हा लगेच तलतकडे धावू नका. मला मध्ये सहा महिने मिळाले होते. तुम्ही निदान तीन-चार आठवडे रफीला एकट्याला द्या.